अकरा ते चार बंद: एका उपनगरी बागेचं प्रकरण

शहर, वसाहत आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं वगळली आहेत, काही बारीक तपशील बदलले आहेत. मी त्या भागातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसणारी डॉक्टर. बागकाम मला येत नाही आणि नगररचनेचं शिक्षणही नाही. या प्रकरणात मी ओढली गेले ती एका रुग्णाच्या प्रश्नामुळे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिका शहराचं हे उपनगर. नव्वदच्या दशकात इथली शेतं एनए म्हणजे बिगरशेती झाली, प्लॉट पडले, चार-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. मोठा लेआउट मंजूर करून घ्यायचा तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, तशी इथेही सुटली. एकराला थोडी कमी. कागदावर तिचं नाव 'खुली जागा', पोरांच्या तोंडी 'ग्राउंड', आणि ज्यांच्या बाल्कन्या तिकडे उघडतात त्यांच्या तोंडी 'समोरचं जंगल'.

जंगल अगदीच चूक नव्हतं. जुन्या बांधावरचे कडुनिंब आणि करंज शेतमालकाच्या आजोबांच्या काळातले. मधोमध एक रेन ट्री, दुपारी त्याच्या सावलीत शाळेचा एक वर्ग सहज बसला असता. नाल्याच्या अंगाला उंबर. कोपऱ्यात सुबाभूळ माजलेली, आणि जिथे ऊन पोचेल तिथे गाजरगवत.

पूर्वेला सोसायट्या, पश्चिमेला नाला, नाल्यापलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती. वस्तीतल्या बऱ्याच बायका याच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. नाल्यावर एक साकव होता. तो सरळ ग्राउंडच्या भिंतीला येऊन टेकायचा, कारण साकव आधी झाला आणि भिंत नंतर. फाटक एकच, सोसायट्यांच्या बाजूला. त्यामुळे वस्तीतून येणारी बाई साकवावरून उतरायची, भिंतीच्या कडेकडेने मोठ्या रस्त्याला लागायची आणि वळसा घालून कामावर पोचायची. उंबराची सावली भिंतीवरून हातभर बाहेर आलेली असायची, तेवढ्यात क्षणभर थांबायची.

बागेची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते आठ. मधे कुलूप.

अडचण

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मी रोज एक वाक्य ऐकवते: अर्धा तास चालत जा. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. तिचा हा दवाखान्यातला अवतार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिॲब अभ्यासानं देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा हे वाक्य बोलायचे प्रसंग मला कमी पडत नाहीत.

मार्च संपत आला होता. पन्नाशीच्या एक मावशी समोर बसल्या होत्या. साखर वाढलेली, पायांना सूज, डोकं दुखतंय म्हणून आलेल्या. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पाचला उठते. चार घरची कामं, चार जिने, लिफ्टमध्ये आम्हाला घेत न्हाईत. आजून कुटं चालू? बसायला कुटं मिळंल ते सांगा की."

त्यांचं वेळापत्रक मी लिहून काढलं. सकाळची कामं साडेबाराला संपतात. दुपारची साडेतीनला सुरू होतात. मधल्या वेळात उन्हातून वळसा घालून घरी जायचं, तर एप्रिल-मे महिन्यात पत्र्याचं घर बाहेरपेक्षा तापलेलं. म्हणून काहीजणी जिन्याखाली मीटरच्या बोर्डाशेजारी बसतात, काहीजणी बंद दुकानाच्या पायरीवर. तिथून वॉचमन उठवतो. आणि समोर, भिंतीपलीकडे, रेन ट्रीची थंडगार सावली कुलूप लावून ठेवलेली.

बाग नेमकी याच वेळी का बंद? मी चौघांना विचारलं. माळीकाका म्हणाले, पाणी घालायचं असतं. रखवालदार म्हणाला, जेवणाची सुट्टी. कार्यालयातून उत्तर आलं, सगळीकडे अशीच वेळ आहे. सोसायटीच्या चेअरमन काकांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "जोडपी येऊन बसतात हो." खरं कारण हे चौथं होतं. बाकीची तिन्ही त्याच्यावर नंतर चढवलेली.

त्याच महिन्यात त्या जागेच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला होता. लॉन, कारंजं, पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा ट्रॅक, ओपन जिम, उंच भिंत, आणि उपनगराच्या नावाची रंगीत अक्षरं असलेला सेल्फी पॉइंट. ट्रॅकच्या रेषेत येणारी काही झाडं 'अडथळा' म्हणून नकाशावर लाल गोलात टाकलेली. त्यात दोन कडुनिंब होते. उद्देश म्हणून प्रस्तावात लिहिलं होतं, 'नागरिकांचे आरोग्य'.

म्हणजे अडचण दुहेरी होती. असलेली सावली चुकीच्या वेळी बंद होती, आणि आरोग्याच्या नावाखाली तीच सावली कमी व्हायची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रस्ताव आहे तसा होऊ देणं. पैसे मंजूर होण्याच्या बेतात होते, आणि असे पैसे परत गेले की पुन्हा कधी येतील सांगता येत नाही. सोसायट्यांमधल्या ज्येष्ठांना ट्रॅक हवाच होता. ग्राउंडवर पावसाळ्यात चिखल होतो, दोन आज्या घसरून पडल्या होत्या, त्यातल्या एकीच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सपाट पायवाटेची मागणी मला हसण्यावारी नेता येत नव्हती.

दुसरा पर्याय एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून मियावाकी जंगल. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावतात. ती प्रकाशासाठी चढाओढीनं वाढतात आणि दोन-तीन वर्षांत दाट झाडी होते. फोटोत फार छान दिसतं. पण त्यात माणूस शिरू शकत नाही. पक्ष्यांना, मातीला, पाणी मुरायला चांगलं. मावशींना बसायला तिथे जागा नाही. जिथे मुळात मोठी झाडं आहेत तिथे मोकळ्या भागात जंगल घुसवायचं कशाला, हा प्रश्न वेगळाच.

तिसरा, सोसायट्यांनी बाग 'दत्तक' घेणं. देखभाल त्यांची, पास त्यांचे. चेअरमन काकांचा कल इकडे होता आणि त्यांची बाजू अगदीच स्वार्थी नव्हती; नळ तुटला तर स्वतःच्या खिशातून दुरुस्त करणारा माणूस तो. पण पास आले की वस्तीतली पोरं बाहेर राहणार हे उघड होतं.

चौथा पर्याय सगळ्यात कमी खर्चाचा आणि म्हणून सगळ्यात कमी आकर्षक. आहे ती झाडं ठेवायची, साफसफाई करायची, मुरमाची कडक पायवाट, टेकायची बाकं, साकवाच्या तोंडाशी दुसरं फाटक, आणि दुपारचं कुलूप काढायचं.

पुराव्याचा प्रश्न

क्षेत्रीय कार्यालयातल्या बैठकीत उपअभियंत्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, झाडाखाली बसून आजार कमी होतो याला काही पुरावा आहे, की नुसतं छान वाटतं?" त्या वेळी नगरसेवक नव्हते, महापालिकेवर प्रशासक होते. त्यामुळे भाषणं कमी आणि असे थेट प्रश्न जास्त झाले. मला ते बरंच वाटलं.

या विषयावर बोलणारे सगळे आधी रॉजर उलरिक यांचं १९८४ चं संशोधन काढतात. मीही काढलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पण ते ४६ रुग्ण होते, खाटेवर पडलेले. आमच्या ग्राउंडला त्याचा आधार लावणं ताणून धरल्यासारखं झालं असतं, आणि हे मीच बैठकीत सांगून टाकलं.

जवळचं उदाहरण अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचं होतं. तिथे ५४१ पडीक प्लॉट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटातला कचरा उचलला, गवत लावलं, थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. दुसऱ्यात फक्त सफाई. तिसऱ्यात काही नाही. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्या रहिवाशांमध्ये 'खिन्न वाटतं' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या प्लॉटजवळच्यांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईनं तसा ठळक फरक दिसला नाही. मला त्यातला आवडलेला तपशील कुंपणाचा. ते बुटकं होतं आणि त्यात आत जायला मोकळी जागा ठेवलेली होती. मी तो दोनदा वाचून दाखवला.

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं मांडलं गेलं की आठवड्याला एकूण दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. इथे मी सावध होते. तब्येत बरी असलेला माणूसच बागेत जातो, हेही तितकंच शक्य आहे. पण बागेचा फायदा बागेत घालवलेल्या वेळातून येतो एवढं तरी त्यातून घेता येतं, आणि बाग बंद असेल तर तो वेळ येणार कुठून?

मुलांबाबत पुरावा जास्त भक्कम आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास होतच नाही. चीनमध्ये ग्वांगझोच्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा घराबाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली होती. नेहमीच्या दिनक्रमातल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. उपअभियंत्यांचा मुलगा दुसरीत होता. त्यांनी हा आकडा वहीत लिहून घेतला.

झाडं हवेतलं प्रदूषण 'खातात' हा दावा मी मुद्दाम टाळला. धुळीच्या कणांवर झाडांचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा कमी असतो, आणि अरुंद रस्त्यावर दाट छत असेल तर खालचा धूर तिथेच कोंडूही शकतो. उन्हाचं मात्र तसं नाही. सावलीतल्या हवेचं तापमान मोजलं तर फरक फार मोठा दिसत नाही, पण अंगावर थेट पडणारं ऊन आणि तापलेल्या फरशीतून वर येणारी धग दोन्ही थांबतात, आणि शरीरावरचा ताण ठरतो तो बराचसा त्यांवरच. पानांतून बाहेर पडणारी वाफ आणखी थोडा गारवा देते. उष्णतेचा विचार शहराच्या पातळीवर करायला आपल्याकडे उशीरच झाला. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला. चार घरची कामं करून उन्हातून जाणारी पन्नाशीची मधुमेही बाई ही अशा आराखड्यातली अगदी पहिली व्यक्ती असायला हवी.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय लाल गोलांचा. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. भांडायला कायदा पुरेसा होता. पण ट्रॅकची रेषा आखणारा तरुण आर्किटेक्ट जागेवर कधी आलाच नव्हता, हे बैठकीत कळलं. त्याला एका शनिवारी दुपारी दोन वाजता बोलावलं. आधी उघड्यावर उभं केलं, मग रेन ट्रीखाली. पाऊण तासात रेषा झाडांच्या बाहेरून वळली. हरकतीचा अर्ज लिहून ठेवला होता, तो द्यावा लागला नाही.

पेव्हरवर मात्र वाद झाला. ज्येष्ठांना गुळगुळीत वाट हवी होती. मुळांवर पेव्हर बसवले की पाणी मुरत नाही, मुळं वर येतात, पेव्हर उचकटतात आणि माणसं पुन्हा पडतात. तडजोड अशी झाली की झाडांखालून दाबलेल्या मुरमाची वाट, आणि फाटकापासून पहिल्या बाकांपर्यंतच पेव्हर, जेणेकरून काठी आणि व्हीलचेअरवाल्यांना तेवढं तरी गाठता यावं. खोडाभोवती मीटरभर माती मोकळी.

दुसरा टप्पा दुपारचं कुलूप. इथे माझ्याकडून चूक होणार होती. मी 'दिवसभर खुली बाग' असं निवेदन तयार केलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "कायमचं मागू नका. मेअखेरपर्यंत मागा. कायमच्याला सही करायला साहेब घाबरतो." त्याप्रमाणे 'उन्हाळ्यापुरती, प्रायोगिक' अशी मागणी केली. रखवालदाराची पाळी बारा तासांची होतीच, त्याच्या जेवणाच्या अर्ध्या तासाला माळीकाका फाटकावर बसतील असं ठरलं. जादा खर्च जवळपास शून्य. जोडप्यांचं काय, या प्रश्नावर मुख्याध्यापिका बाईंचंच उत्तर: "बसू देत की. चार बायका आणि दोन आजोबा आजूबाजूला असले की आपोआप नीट बसतात."

तिसरा टप्पा साकवाकडचं फाटक. हे खरं जिवाला लागलेलं प्रकरण. चोऱ्या होतील, रात्री दारू पिणारे येतील, पोरं नासधूस करतील. यातली दारूची भीती खोटी नव्हती. सुबाभळीच्या आडोशाला बाटल्या सापडायच्या आणि वस्तीतल्या मुलीही त्या कोपऱ्याला घाबरायच्या. त्यावर एक गोष्ट सुचली ती वस्तीतल्याच एका आशाताईला, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य कार्यकर्तीला. ती म्हणाली, भिंत उंच करण्यापेक्षा खाली घ्या आणि वर जाळी लावा, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसेल. लपायला जागा भिंतीमुळेच मिळते. सुबाभूळ छाटली, त्या बाजूची भिंत कमरेपर्यंत आणली, वर लोखंडी जाळी, एक दिवा. फाटक संध्याकाळी सातला बंद. सोसायटीच्या बैठकीत ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला, आणि बाजूने मत देणाऱ्यांत सगळ्यात पुढे होत्या गृहिणी. मावशीला वळसा पडला की कामाला उशीर होतो, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

प्रत्यक्षात काय केलं

कारंजं आणि सेल्फी पॉइंट वगळले. लॉन निम्म्यावर आणलं, कारण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर लॉन जगवणं कुणालाच पटेना. ओपन जिम ठेवली. ती नको म्हणून मी जीव काढला होता, पण लोकांना हवी होती.

गाजरगवत फुलायच्या आधी उपटायचं, तेही हातमोजे घालून. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे तण परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि त्याच्या स्पर्शानं कातडी फुटणारे, परागांनी दम लागणारे रुग्ण तेव्हापासून आपल्या दवाखान्यांत आहेत. आमच्या माळीकाकांच्या मानेवर आणि कोपरांच्या खोबणीत वर्षानुवर्षं खरूज म्हणून मलम लावलेला चट्टा याच गवताचा निघाला. हिरवं दिसतं ते सगळं औषधी, या समजुतीला तो चट्टा पुरेसं उत्तर होता.

दुसरी गोष्ट पालापाचोळ्याची. रोज सकाळी साडेसहाला झाडलोट व्हायची आणि कोपऱ्यात पाला पेटायचा, नेमका ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारत असताना. दम्याचे माझे दोन रुग्ण 'मोकळी हवा' घ्यायला येऊन धूर घेऊन जात होते, आणि हे माझ्या लक्षात यायला मला दोन वर्षं लागली होती. जाळीचे दोन मोठे पिंजरे केले, पाला त्यात जाऊ लागला. पहिल्या पावसानंतर तो निम्म्यावर बसला, आणि सोसायटीतल्या कुंडीवाल्यांनी खत म्हणून पळवला.

बाकांचा किस्सा सांगायलाच हवा. आली ती सिमेंटची, पाठ नसलेली. गुडघेदुखीच्या माणसाला अशा बाकावरून उठता येत नाही. हाताला आधार लागतो. चार बाकं बदलून घेतली, पाठ आणि हात असलेली. दिसायला जुनाट, पण सकाळी त्यांच्यासाठी नंबर लागतात.

परिणाम

पहिल्या आठवड्यात दुपारी कोणीच आलं नाही. कुलूप निघालंय हे मावशींना माहीत होतं, पण कोणी हाकललं तर काय म्हणून बाहेरच थांबत होत्या. आशाताई दोन दुपारी स्वतः डबा घेऊन आत जाऊन बसली. तिसऱ्या दुपारी चार जणी आल्या. मेच्या मध्यावर रेन ट्रीखाली डबे उघडले जात होते, एकीची वेणी दुसरी घालत होती, आणि आज कुठल्या वहिनींनी पगार कापला त्याची चर्चा चालली होती. काहीजणी पदर डोळ्यांवर घेऊन अर्धा तास झोपायच्या. दुकानाच्या पायरीवरून उठवून घेण्याचा अपमान संपला, हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं. साखरेबद्दल कोणी काही बोललं नाही.

त्या पहिल्या मावशींची साखर पुढच्या तपासणीत थोडी खाली आली. गोळ्या वेळेवर घेतल्यामुळे, जेवण वेळेवर झाल्यामुळे की सावलीमुळे, हे मी सांगू शकत नाही. उन्हात दोनदा घालायचा वळसा वाचल्यावर त्यांची डोकेदुखी कमी झाली, असं त्यांचं म्हणणं. मला तेवढं पटतं.

सकाळच्या फेऱ्यांत फारसा बदल नाही. जे चालत होते तेच चालतात, आता कोरड्या पायांनी. पोरांचा बदल मात्र डोळ्यांत भरतो: शाळा सुटल्यावर साकवावरून सरळ आत. सोसायटीतली आणि वस्तीतली मुलं एका चेंडूवर खेळतात, अधूनमधून भांडतात, आणि भांडण कोण मिटवणार यावर दोन्ही बाजूच्या आया भांडतात.

जुलैत मात्र बाग माझ्या अंगाशी आली. डेंग्यूचे रुग्ण वाढले तेव्हा कीटक नियंत्रणवाल्यांना बागेतच अळ्या सापडल्या. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची भांडी, आणि ओपन जिमच्या टोपण निघालेल्या दोन उभ्या पाइपांमध्ये साचलेलं पाणी. कारंजं अडवलं याचं मी श्रेय घेत होते आणि एडिस डास पाइपात वाढत होते. भांडी नुसती ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासावी लागतात. हे काम पोरांनी रविवारी अंगावर घेतलं. पाइपांना सिमेंट भरलं. पण तोवर 'बाग उघडली म्हणून डेंग्यू आला' हे वाक्य दोन इमारतींत फिरून आलं होतं, आणि प्रायोगिक वेळ वाढवण्याचा अर्ज त्यामुळे सहा आठवडे टेबलावर पडून राहिला. त्या सहा आठवड्यांत अकरा ते चार पुन्हा कुलूप होतं.

सप्टेंबरात ते निघालं. आदेशात अजूनही 'पुढील सूचनेपर्यंत' असं लिहिलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्वच्छतागृह. याची मागणी मी बैठकीत केली, जागा नाही म्हणून नकार आला, आणि मी फाटकाच्या वादात गुंतल्यामुळे पुन्हा विषय काढला नाही. ती माझी सगळ्यात मोठी चूक. तीन तास बसणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे? उन्हाळ्यात लघवीच्या जंतुसंसर्गाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी 'भरपूर पाणी प्या' म्हणते तेव्हा मला स्वतःचाच आवाज विचित्र ऐकू येतो. लॉनचा जो अर्धा भाग ठेवला, त्यातल्या एका कोपऱ्यात दोन खोल्या मावल्या असत्या. पिण्याच्या पाण्याचा नळ घेतला, पण तोही मागाहून.

मोजणी आधी करायला हवी होती. कुलूप निघण्यापूर्वी कोणत्या वेळी किती माणसं, बाई की पुरुष, कुठल्या बाजूची, एवढं पंधरा दिवस नुसतं वहीत टिपलं असतं तर डेंग्यूच्या वेळी माझ्या हातात काहीतरी असतं. नर्सिंगच्या विद्यार्थिनी सहज मिळाल्या असत्या. आता माझ्याकडे निरीक्षणं आहेत, तुलना नाही. उपअभियंत्यांनी सुरुवातीला विचारलेला प्रश्न माझ्याच बागेबद्दल विचारला तर मी गप्प बसेन.

मावशींना बैठकीला बोलावलं नाही. त्यांची बाजू मी मांडली, आशाताईने मांडली, पण बैठक ठेवली होती सकाळी अकरा वाजता. त्या वेळी त्या कुणाच्या तरी घरी भांडी घासत होत्या. दुपारी दोन वाजता, रेन ट्रीखालीच बैठक लावता आली असती. तेव्हा कुलूप होतं हे खरं, पण चावी मागून घेता आली असती. त्या आल्या असत्या तर स्वच्छतागृह यादीत पहिलं असतं, असं मला आता वाटतं.

सीएसआरवाल्या कंपनीला मी घाईने परत पाठवलं. मियावाकी ग्राउंडवर नको होतं, पण नाल्याच्या काठाची पट्टी त्याला चालली असती आणि पावसाळ्यात तिथली माती वाहून जाणंही थांबलं असतं. दार आपटण्याऐवजी दुसरीकडे बोट दाखवायला हवं होतं.

आणि ओपन जिमबद्दल मी चुकले होते. संध्याकाळी सहानंतर तिथे वस्तीतल्या तरुण मुली येतात, दोघी-तिघी मिळून, ओढणी कमरेला बांधून. इतर कुठल्या जिममध्ये त्या गेल्या नसत्या. एकीने मला विचारलं, सातला फाटक बंद होतं ते आठला करता येईल का. कामावरून यायलाच साडेसहा होतात. मी मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत मागा."